हँडबॉलच्या भिंती

शुक्रवार

मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शिरल्यावर बहुतेक लोक आधी इजिप्तचं दालन गाठतात, नाहीतर व्हॅन गॉग. मी सरळ आधुनिक चित्रांकडे वळले. ज्या एका चित्रापायी न्यूयॉर्कचा हा सगळा बेत आखला होता, ते त्या आठवड्यात सुदैवाने भिंतीवर लागलेलं होतं. मार्टिन वाँगचं ‘ॲटर्नी स्ट्रीट’, १९८२ ते १९८४ या काळात रंगवलेलं. सोबत माझी भाची होती. ती क्वीन्समध्ये राहते, आर्किटेक्चर शिकतेय आणि पायी भटकायला तिला कधीच कंटाळा येत नाही. त्यामुळे सगळी फिरस्ती मी तिच्यावर सोपवून टाकली होती.

चित्राचा विषय नुसता सांगितला, तर त्यात बघण्यासारखं काय असं कुणालाही वाटेल. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमधलं हँडबॉलचं एक कोर्ट. हा हँडबॉल म्हणजे ऑलिंपिकमध्ये संघ करून खेळतात तो नव्हे. काँक्रीटची एक सुटी भिंत, तिच्यासमोर थोडी मोकळी जागा आणि उघड्या तळहाताने मारायचा एक छोटा रबरी चेंडू, एवढ्यावर हा खेळ चालतो. पैसे जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून न्यूयॉर्कच्या कष्टकरी वस्त्यांमध्ये तो रुजला. भिंत २० फूट रुंद आणि १६ फूट उंच. खिडकी नाही, दार नाही, कुणाच्या घराचा भाग नाही. हातात स्प्रे-पेंटचा डबा असलेल्या पोराला यापेक्षा चांगली जागा अख्ख्या शहरात मिळाली नसती.

वाँगने रंगवलेली ती भिंत ग्राफिटीने गच्च भरलेली आहे. लिटल आयव्हन या नावाने लिहिणाऱ्या मुलाची ती अक्षरं. वाँगने ती तेलरंगात अशी उतरवली आहेत की कुठेही ‘मी याहून चांगलं काढू शकतो’ असा आव नाही. चित्रात मिगेल पिन्येरो या कवीची आत्मचरित्रपर कविताही आहे, आणि बहिऱ्यांच्या बोटांच्या लिपीतले गुबगुबीत हात एकेक अक्षर दाखवत ओळीने मांडलेले आहेत. म्हणजे एकाच चित्रात तीन प्रकारची लिखावट. पोराची, कवीची आणि हातांची. हे सगळं घडतं कुठे, तर येणारे-जाणारे ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नसतील अशा कोपऱ्यावर.

चित्राच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गेले. रखवालदाराने हाताने खूण करून एक पाऊल मागे सरायला लावलं. पण तेवढ्यात विटा पाहून झाल्या होत्या. वाँगची वीट म्हणजे भिंतीवर मारलेल्या आडव्या-उभ्या रेघा नसतात. तो प्रत्येक वीट सुटी रंगवतो. एक जरा भाजलेली, दुसरी काळसर, तिसरी तांबूस, आणि मधल्या चुन्याच्या रेषेलाही स्वतःची जाडी. रंगाचा थर असा की बोट फिरवलं तर खरखर लागेल असं वाटतं. हे काम घाईने होत नाही. पडीक इमारतीच्या विटा इतक्या निगुतीने रंगवायला त्या इमारतीवर जीव असावा लागतो.

वाँग १९४६ साली पोर्टलंडमध्ये जन्मला आणि सॅन फ्रान्सिस्कोत वाढला. शिक्षण सिरॅमिक्सचं, चित्रकला आपली आपण शिकलेली. १९७८ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पुढे याच म्युझियमच्या पुस्तकांच्या दुकानात त्याने नोकरी केली, आणि १९८४ मध्ये म्युझियमने त्याचं हे चित्र विकत घेतलं. तो स्वतः रात्री स्प्रेचे डबे घेऊन फिरणारा नव्हता. पण जे फिरत होते त्यांना तो चित्रकार मानत होता, आणि त्यांची कामं स्वतःच्या पैशांनी विकत घेऊन जपत होता. त्या काळात असं मानणारे फार नव्हते. महापालिका भिंती पुसायच्या मागे लागली होती आणि हा माणूस त्याच भिंती कॅनव्हासवर उतरवून ठेवत होता. आठवडाभर मी जे काही पाहिलं, त्यात मला पुन्हा पुन्हा हाच प्रश्न पडत राहिला, की पुसतंय कोण आणि जपून ठेवतंय कोण.

शनिवार

सकाळी सातच्या आत लोअर ईस्ट साइडला पोचायचं हा भाचीचा हट्ट, आणि तो बरोबर निघाला. “मावशी, दुकानं उघडली की चित्रं वर गुंडाळली जातात,” ती म्हणाली. इथल्या कितीतरी दुकानांच्या रोलिंग शटरवर चित्रं आहेत. ती रात्री आणि भल्या पहाटेच दिसतात. धंदा सुरू झाला की संपली. एका शटरवर मोठं पिवळं मांजर होतं. मालक आला, त्याने कुलूप काढलं, आणि खालून वर मांजराचे पाय, पोट, तोंड असं करत ते आत गेलं. शटरच्या पन्हाळीदार पत्र्यावर रंगवणं सोपं नाही. सरळ काढलेली रेघ बाजूने पाहिली की नागमोडी दिसते. म्हणून चांगले कलाकार बारीक तपशील टाळतात आणि मोठे आकार, जाड कडा वापरतात. स्प्रेचा एक फायदा असा की खोबणीच्या आतही रंग पोचतो. तिथे ब्रश हमखास अडतो.

वाँगने याच बंद दुकानांची मोठमोठी चित्रं केली आहेत. खाली ओढलेली शटर, साखळ्या, कुलपं, जवळजवळ खऱ्या मापात. तो इथेच रिज स्ट्रीटवर राहायचा. ॲटर्नी स्ट्रीट तिथून चार पावलांवर. आम्ही तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चाललो. आज तिथे नव्या काचेच्या इमारती आहेत, कॉफीची दुकानं आहेत. जुन्या विटांच्या इमारतीही अजून मधूनमधून उभ्या आहेत, लोखंडी जिने अंगावर घेऊन. उन्हं त्यांच्यावर पडली तेव्हा कालच्या चित्रातला रंग तंतोतंत दिसला.

हँडबॉलच्या भिंतीचा मोठा चित्रकार म्हटला तर ली किन्योनेस. जन्म १९६०, पोर्टो रिकोमधला, वाढला याच भागात. आधी आगगाडीचे डबे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने आणि ‘फॅब्युलस फाइव्ह’ या त्याच्या टोळीने सबवेची, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेची, दहा डब्यांची अख्खी गाडी रंगवली. मग १९७८ मध्ये इथल्या एका शाळेच्या हँडबॉल कोर्टावर त्याने ‘हॉवर्ड द डक’ हे कॉमिक्समधलं बदक काढलं, संपूर्ण भिंतभर. तोवर भिंतीवर नावं असायची. लीने तिच्यावर दृश्य आणलं, खोली आणली, गोष्ट आणली. सही करणाऱ्या मुलांमधून चित्रकार घडले ते अशाच भिंतींसमोर, असं माझं मत आहे. आर्ट स्कूलमध्ये एवढा मोठा कॅनव्हास पहिल्या वर्षाला कोण देतं?

ह्यूस्टन स्ट्रीट आणि बावरीच्या नाक्यावर एक प्रसिद्ध भिंत आहे. कीथ हेरिंगने १९८२ मध्ये तिथे चित्र काढलं होतं. २००८ मध्ये ते पुन्हा रंगवून घेण्यात आलं आणि तेव्हापासून त्या भिंतीवर निवडक कलाकारांची कामं आळीपाळीने येतात. चित्रं उत्तम असतात, पण ती बोलावून, ठरवून, प्रसिद्धी करून काढलेली असतात. मला तिथे पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबावंसं वाटलं नाही. भाचीला वाटलं, तिने भरपूर फोटो काढले.

तिथून थोड्या अंतरावर ५७ ग्रेट जोन्स स्ट्रीट. जाँ-मिशेल बास्किया इथे राहिला, इथेच रंगवलं आणि इथेच १९८८ मध्ये गेला. वय २७. कॅनव्हासकडे येण्याआधी, १९७८ पासून, तो आणि त्याचा मित्र अल डियाझ याच वस्तीतल्या भिंतींवर ‘सेमो’ या नावाने छोटी, टोचणारी वाक्यं लिहीत. त्यात चित्र जवळपास नसायचं, नुसते शब्द. पुढे त्याच्या कॅनव्हासवरही खोडलेले, पुन्हा लिहिलेले शब्द येत राहिले. भिंत सुटली तरी भिंतीवर लिहायची सवय हातात राहिलेली दिसते. दारावरचा स्प्रे आणि स्टिकरचा थर बघून कुणीतरी रोज येऊन जातं हे लक्षात येतं.

दुपारी आम्ही चौदाव्या रस्त्यावरच्या फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनवर उतरलो. बघायला तिथे काही नाही. टाइल्स, बाकं, एल गाडी. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे मायकेल स्ट्यूअर्ट या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला याच स्टेशनात ग्राफिटी लिहिल्याच्या आरोपावरून पकडलं गेलं. पोलिसांच्या ताब्यात असताना तो बेशुद्ध झाला आणि २८ सप्टेंबरला गेला. सहा पोलिसांवर खटला चालला, १९८५ मध्ये सगळे निर्दोष सुटले. बास्कियाने या घटनेनंतर हेरिंगच्या स्टुडिओच्या भिंतीवरच चित्र काढलं. दांडकी उगारलेले दोन पोलीस, मधे एक काळी आकृती, आणि वर ‘विद्रूपीकरण’ या अर्थाचा शब्द, दोन्ही बाजूंना प्रश्नचिन्हं लावून. हेरिंगने नंतर भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला, चौकट करून घेतली आणि आपल्या पलंगाच्या वर टांगला.

भाचीला हे माहीत नव्हतं. ती रोज ज्या मार्गाने कॉलेजला जाते त्यात हे स्टेशन लागतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “इथे पाटी का नाही गं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. रंग उडवल्याच्या आरोपापायी माणूस जातो आणि शहर ते विसरून चालायला लागतं, याचा राग मला संध्याकाळपर्यंत पुरला.

रविवार

पाचव्या अव्हेन्यूवर १०३व्या रस्त्यापाशी म्युझियम ऑफ द सिटी ऑफ न्यूयॉर्क आहे. वाँगने जमवलेला ग्राफिटीचा संग्रह, तीनशेहून अधिक कामं, १९९४ मध्ये त्याने या संग्रहालयाला देऊन टाकला. तोवर त्याला एड्स झाल्याचं निदान झालं होतं. तो सॅन फ्रान्सिस्कोला आईवडिलांकडे परतला आणि १९९९ मध्ये तिथेच गेला. त्याआधी १९८९ मध्ये त्याने बाँड स्ट्रीटवर ग्राफिटीचं स्वतःचं संग्रहालयही काढून पाहिलं होतं. ते काही महिनेच चाललं.

त्या संग्रहातली कामं मांडलेली होती. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो वह्यांपाशी. ग्राफिटीवाले यांना ‘ब्लॅकबुक’ म्हणतात. काळ्या पुठ्ठ्याच्या स्केचबुकात मार्करने काढलेले आराखडे, आणि मित्रांच्या सह्या. भिंतीवर किंवा डब्यावर रात्री जे दहा मिनिटांत उतरायचं ते इथे आठवडाभर घोटलेलं असतं. एका पानावर एकच अक्षर वेगवेगळ्या वळणांनी काढलेलं होतं. कुठे बाण फुटलाय, कुठे पाय शेजारच्या अक्षरात गुंतलाय, कुठे पोट फुगलंय. हा रियाज आहे. भिंतीवरची अक्षरं घाईत फरकाटलेली असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी या वह्या बघाव्यात.

लेडी पिंकचं ‘द डेथ ऑफ ग्राफिटी’ (१९८२) इथे पाहिलं. इक्वाडोरमध्ये जन्मलेली, क्वीन्समध्ये वाढलेली ही मुलगी १९७९ पासून सबवेचे डबे रंगवत होती, जिथे मुली जवळजवळ नव्हत्याच. चित्रात स्प्रेच्या डब्यांच्या ढिगावर एक नग्न तरुणी उभी आहे आणि गाड्यांकडे हात करते आहे. एक गाडी रंगलेली, एक पांढरी फटक. त्या सुमारास ७ नंबरच्या मार्गावरचे डबे खरंच पांढरे रंगवले जात होते. ज्या वयात मुलं परीक्षेचा अभ्यास करतात त्या वयात तिने आपल्या कलेचा शेवट समोर बघितला आणि ब्रश हातात घेऊन तो रंगवला.

क्रिस एलिस म्हणजेच ‘डेझ’ याची चित्रं मला या सगळ्या पिढीत सगळ्यात आवडतात. १९६२चा जन्म, सुरुवात डब्यांपासून. पुढे तो स्टुडिओत आला, पण स्प्रेचा डबा त्याने खाली ठेवला नाही. कॅनव्हासवर आधी स्प्रेचे धुरकट पट्टे, ओघळ, शिंतोडे येतात, आणि त्या धुक्यातून ब्रशने काढलेली माणसं वर येतात. सबवेतले थकलेले चेहरे, कोनी आयलंडच्या पाळण्याखालची गर्दी, ओल्या रस्त्यावरचे दिवे. स्प्रे शहराची हवा रंगवतो आणि ब्रश त्या हवेत वावरणारा माणूस. दोन्हींची कामं वेगळी आहेत आणि एकाचं दुसऱ्याला करता येत नाही. ग्राफिटी आणि पेंटिंग एकत्र आणतो म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जण सुबक चित्रावर शेवटी थोडा रंग ओघळू देतात आणि त्याला रस्त्याचा रंग म्हणतात. डेझच्या बाबतीत ओघळ काढून टाकला तर चित्रच कोसळेल.

दुपारी तीन रस्ते चालून १०६व्या रस्त्यावर पार्क अव्हेन्यूच्या कोपऱ्याला गेलो. तिथे शाळेच्या आवारात ‘ग्राफिटी हॉल ऑफ फेम’ आहे. १९८० मध्ये रे रॉड्रिगेझ, ज्यांना ‘स्टिंग रे’ म्हणत, यांनी तो सुरू केला. पोरं आगगाडीच्या यार्डात जीव धोक्यात घालण्यापेक्षा इथे येऊन रंगवू देत, हा विचार. फाटक बंद होतं, आम्ही जाळीतून पाहिलं. आत एकापुढे एक भिंती, प्रत्येकीवर गुंतवळ झालेली अक्षरं. शेजारी दगडी पुलावरून उपनगरी गाड्या धडधडत होत्या. इथे जागा सहजी मिळत नाही. आधी दुसरीकडे हात सिद्ध करावा लागतो.

तिथून बसने १२८व्या रस्त्याला. हार्लेम नदीच्या बाजूने जाणाऱ्या हमरस्त्याला लागून एक छोटं मैदान आहे, आणि त्यात हँडबॉलची एक भिंत. ‘क्रॅक इज वॅक’, म्हणजे ‘क्रॅक भिकार आहे’. क्रॅक म्हणजे कोकेनचा ओढायचा स्वस्त प्रकार. ऐंशीच्या दशकात त्याने या वस्त्या पोखरून काढल्या होत्या. हेरिंगचा एक तरुण मदतनीस त्याच्या आहारी गेला होता. १९८६ मध्ये हेरिंगने कुणाची परवानगी न घेता या भिंतीवर हे चित्र काढलं आणि पकडला गेला. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने चित्र उचलून धरलं. मधल्या काळात कुणीतरी त्यातल्या मजकुराचा अर्थच उलटा करून टाकला आणि मग भिंत रंग फासून कोरी केली गेली. शेवटी उद्यान खात्याने स्वतःच हेरिंगला बोलावून भिंत पुन्हा रंगवायला सांगितली. त्याच वर्षी, त्याच भिंतीवर, या खेपेला दोन्ही बाजूंनी. २०१९ मध्ये तिची डागडुजी झाली.

फोटोत हे चित्र कितीदा तरी पाहिलं होतं, तरी त्याच्या नारिंगी रंगाची ताकद तिथे उभं राहिल्यावरच कळली. पलीकडून गाड्या भरधाव जातात. त्या वेगात वाचता यावं एवढी अक्षरं मोठी आहेत आणि रेषा एवढी जाड. चालकाला दोन-तीन सेकंद मिळणार, तेवढ्यात सांगून व्हायला हवं. हेरिंग त्याआधी पाच वर्षं सबवेच्या स्थानकांत जाहिरातीच्या रिकाम्या चौकटींवर चिकटवलेल्या काळ्या कागदांवर खडूने चित्रं काढत आला होता. गाडी यायच्या आत आणि पोलीस यायच्या आत चित्र संपवायची तालीम तिथे झालेली. न थांबता, हात न उचलता जाणारी त्याची रेघ तिथली आहे.

त्या भिंतीचा रंग बुटाएवढ्या उंचीवर जागोजाग घासलेला होता. मी तिथे बसून स्केचबुकात सबंध भिंत न काढता तेवढाच खालचा हातभर पट्टा काढला.

सोमवार

ब्राँक्स. ग्रँड काँकोर्स आणि १४९व्या रस्त्याच्या स्टेशनावर एक बाक होतं, ‘रायटर्स बेंच’. सत्तरच्या दशकात शहरभरची ग्राफिटी करणारी मुलं तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरची कामं तपासायची. कुणाची रेघ कशी, कुणाचा रंग कुठे चुकला. ही मुलं स्वतःला ‘रायटर’ म्हणवतात, आर्टिस्ट हा शब्द नंतर चिकटला. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने टाकी १८३ या नावामागच्या मुलावर बातमी छापली आणि लोण पसरलं. तो निरोप्याचं काम करायचा आणि जाईल तिथे आपलं नाव आणि आपल्या रस्त्याचा नंबर लिहायचा. पुढे वाहतूक खात्याने एकेक गाडी धुऊन-रंगवून घ्यायचं धोरण धरलं. नियम असा की स्वच्छ झालेली गाडी रंगलेली दिसली तर ती धावणारच नाही. आपलं काम कुणी बघणारच नसेल तर रंगवायचं कशाला? १२ मे १९८९ रोजी शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून काढला गेला.

बाकाच्या जागी आम्ही अर्धा तास बसलो. चकचकीत गाड्या येत होत्या. प्रवासी म्हणून मला स्वच्छ गाडी बरीच वाटते, हेही खरं.

हंट्स पॉइंटला ‘टॅट्स क्रू’ या जुन्या मंडळींचा अड्डा आहे. गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ भिंती रंगवून देण्यासाठी ते ओळखले जातात. २००० साली गेलेला रॅपर बिग पन याची भिंत ते पुन्हा पुन्हा नव्याने रंगवत आले. वस्तीतल्या साध्या माणसांच्याही अशा भिंती ठिकठिकाणी दिसल्या. मेणबत्त्यांच्या काचा खाली मांडलेल्या असतात. कुटुंबाने दिलेल्या पासपोर्ट-फोटोवरून स्प्रेने चेहरा उभा करायचा, तोही घरच्यांना ओळखू येईल असा, हे पोर्ट्रेटच्या कलेतलं अवघड काम आहे आणि त्याची नोंद कुठल्याच कॅटलॉगात होत नाही.

पाऊस आला, त्यामुळे लवकर परतलो.

मंगळवार

क्वीन्सची ७ नंबरची गाडी धरायला टाइम्स स्क्वेअरला गेलो. तिथून पोर्ट ऑथॉरिटीकडे जाणाऱ्या भुयारी वाटेत जेन डिक्सनने केलेलं मोझेक आहे, ‘द रेव्हलर्स’, २००८ चं. नववर्षाच्या रात्रीची माणसं, टोप्या, पिपाण्या, मिठ्या, सगळं खऱ्या माणसाच्या मापात. डिक्सनने ऐंशीच्या दशकात याच चौकातली रात्र रंगवली. रंगवायला तिने सँडपेपरसारखे खडबडीत पृष्ठभाग निवडले, म्हणजे निऑनच्या उजेडाला मूळचाच चरबरीतपणा मिळाला. १९८० मध्ये ब्राँक्सच्या ‘फॅशन मोडा’ या जागेत तिने क्रॅश आणि नॉक १६७ या रायटर्ससोबत पुठ्ठ्याचा चक्रव्यूह उभा केला होता. तिने केला, त्यांनी रंगवला. स्टुडिओवाले आणि यार्डवाले एकमेकांच्या हाताखाली काम करायचे असे ते दिवस.

गाडी क्वीन्समध्ये शिरून उंचावर वळण घेते तिथे कधीकाळी सगळा डबा उजवी-डावीकडे माना वळवायचा. ‘५ पॉइंट्झ’. जुन्या कारखान्याची इमारत, नखशिखांत रंगलेली. जोनाथन कोहेन म्हणजे ‘मीरेस वन’ २००२ पासून तिथलं सगळं बघायचे. कुणाला कुठली भिंत, किती दिवस, हे तेच ठरवत. मालकाची त्याला परवानगी होती. मग तिथे टॉवर बांधायचं ठरलं. १९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री, कलाकारांना कळवल्याशिवाय, सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फासण्यात आला. पुढच्या वर्षी इमारत पाडली.

कलाकार कोर्टात गेले. अमेरिकेत १९९० चा एक कायदा आहे. मान्यताप्राप्त दर्जाची कलाकृती, ती दुसऱ्याच्या भिंतीवर असली तरी, कलाकाराला न कळवता नष्ट करता येत नाही. २०१८ मध्ये न्यायाधीश फ्रेडरिक ब्लॉक यांनी ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख डॉलर, म्हणजे एकूण ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई २१ कलाकारांना द्यायला लावली. २०२० मध्ये वरच्या कोर्टानेही निकाल कायम ठेवला. पाडायला कायमची बंदी नव्हती. नोटीस देऊन ९० दिवस थांबले असते तर कलाकारांनी निदान फोटो काढले असते, जे उतरवता येईल ते उतरवलं असतं.

भाची या निकालावर खूप खूश. मी तितकीशी नाही. पैसे मिळाले हे योग्यच झालं. पण स्प्रेच्या कामाला ‘दर्जा’ आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञ साक्षीला उभे करावे लागले, आणि ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत त्यांच्या भिंती या कायद्यात बसणं कठीणच. १०६व्या रस्त्यावरच्या त्या आवारातल्या उद्याच्या पोराला याचा काय उपयोग? आम्ही टॉवरच्या सावलीत उभ्या राहून बराच वेळ वाद घातला आणि कुणीच हरलं नाही.

बुधवार

ब्रुकलिनमधलं बुशविक, जेफरसन स्ट्रीट स्टेशन. बाहेर पडलं की ट्राउटमन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती आणि त्यांच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चित्रं. जोसेफ फिकालोरा इथेच वाढले. आई गेल्यानंतर, २०१२ मध्ये, त्यांनी शेजाऱ्यांकडून भिंती मागून घेऊन कलाकारांना द्यायला सुरुवात केली. दर जूनमध्ये रस्त्यावर जत्रा भरते आणि बऱ्याच भिंती नव्याने रंगतात. चित्रांमागोमाग पर्यटक आले आणि वस्तीतली भाडी चढली. काही भिंतींवर आता हाताने रंगवलेल्या बुटांच्या, दारूच्या जाहिराती असतात. दुरून त्या भित्तिचित्रांसारख्याच दिसतात. मला त्यांची चीड आली. कारागिरी अव्वल आहे म्हणून तर जास्तच आली.

एका आडगल्लीत एक चित्रकार नुकताच काम सुरू करत होता. त्याने आधी रोलरने भिंतीला फिकट राखाडी रंग दिला होता. मग आमच्यासमोर त्याने एक काळा डबा घेतला आणि भिंतभर वाट्टेल ते खरडलं. आकडे, फुल्या, वेटोळी, एक मासा, कुणाचं तरी नाव. भाचीने विचारलं, हे काय? त्याने मोबाइलवर भिंतीचा फोटो घेतला आणि त्या फोटोवर आपलं मूळ चित्र अर्धपारदर्शक करून बसवलं. आता माशाच्या शेपटीपाशी खिडकीचा कोपरा येतो, सातच्या आकड्यावर वॉशिंग मशीनची गोल कड येते, असं बघत बघत मोजपट्टीशिवाय एवढी मोठी भिंत आखता येते. रांगोळीआधी ठिपके मांडावेत तसं, फक्त हे ठिपके वेडेवाकडे हवेत, म्हणजे एकाची दुसऱ्याशी गल्लत होत नाही. सगळं चित्र झालं की ते त्याच्याखाली झाकले जातात.

विषय त्याने गल्लीतलाच घेतला होता. कोपऱ्यावरचं कपडे धुवायचं दुकान, मशीनच्या दोन रांगा, बाकावर झोपलेला माणूस. काचेची चकाकी तो डबा भिंतीपासून दोन फूट दूर धरून नुसत्या वाफेसारखी उडवत होता. मशीनच्या स्टीलची कड मात्र बारीक नोझल लावून अगदी जवळून, एका दमात. प्रत्येक रेघेनंतर डबा उलटा करून हवेत एक फवारा, म्हणजे नोझल चोंदत नाही. बाकावरच्या माणसाचा चेहरा आणि हात तेवढे ब्रशने. “झोपलेल्या माणसावर स्प्रे मारणं मला जमत नाही,” तो म्हणाला. यावर मी त्याला डेझची चित्रं बघितलीस का विचारलं. त्याने डबा खाली ठेवला आणि मग आमचा पाऊण तास त्यातच गेला.

त्या भिंतीवर आधी दुसऱ्या कुणाचं चित्र होतं. त्याला विचारून, त्याचा होकार घेऊनच याने रोलर फिरवला होता, आणि त्याआधी त्या चित्राचे फोटो स्वतः काढून त्याला पाठवले होते. इथला रिवाजच तसा, म्हणाला. याचं चित्र पुढच्या जूनपर्यंत राहील, तेही भिंतीच्या मालकाचं मन बदललं नाही तर.

आम्ही निघालो तेव्हा वरची अर्धी भिंत झाली होती आणि खाली मासा अजून दिसत होता. शनिवारी भाची तिथे परत जाणार आहे. पूर्ण झालेल्या भिंतीचा फोटो पाठवेल तेव्हा त्यासोबत तारीख, रस्ता, कोपरा आणि चित्रकाराने सही केलेलं नाव लिहून ठेव, एवढं मी तिला बजावलं आहे. आधीच्या चित्रकाराचं नावही तिने विचारून घ्यायचं आहे.